चुकीच्या मांडवातल्या सहलीचा वृत्तांत

आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्याच्या वार्षिक अंकात सहलीचा वृत्तांत मी लिहायचा, असं ज्या सभेत एकमताने ठरलं त्या सभेला मी नव्हतेच. मी त्या दिवशी दाताच्या डॉक्टरकडे होते. संध्याकाळी आमचे हे घरी आले आणि चप्पल काढता काढता म्हणाले, "अभिनंदन."

"कशाबद्दल?"

"सहलीचं तू लिहायचंस. मीच अनुमोदन दिलं."

जबड्यात अजून भूल होती, त्यामुळे मला जे बोलायचं होतं ते बोलता आलं नाही. भूल उतरेपर्यंत रागही उतरला.

मला निवडण्यामागे कारण होतं. मी नोकरीची सगळी वर्षं अंबरनाथच्या एका केमिकल फॅक्टरीत, सेफ्टी डिपार्टमेंटला काढली. कुठे पाइप फुटला, कुणाच्या हातावर ॲसिड उडालं, की त्याचा अहवाल मी टाइप करायची. हळूहळू साहेबांनी सांगणंही सोडलं, मीच लिहायला लागले. आमच्या कट्ट्याच्या अध्यक्षांचं म्हणणं असं पडलं, की जी बाई टाकीच्या स्फोटावर चार पानं लिहू शकते तिला सहल म्हणजे काय! अध्यक्ष स्वतः उल्हासनगरच्या एका शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. त्यांना लिहिता येतं. पण या सहलीबद्दल त्यांनाच काय, कुणालाच लिहायचं नव्हतं. का, ते कळायला आधी सहलीत काय झालं ते सांगायला हवं.

थंडीचे दिवस होते. सोनिवलीच्या पुढे एक शेतावरचं ठिकाण आम्ही दिवसभरासाठी ठरवलं होतं. चुलीवरचं जेवण, बैलगाडी, झोपाळा, 'ग्रामीण संस्कृतीचे दर्शन' असं त्यांच्या जाहिरातीत होतं. बदलापूरच्या कात्रपहून, म्हणजे आमच्या भागातून, मिनीबस निघाली. आम्ही वीस-बावीस जण, सगळ्यांच्या डोक्यावर कट्ट्याच्या पिवळ्या टोप्या, सोबत कॅरम, हाउजीचा डबा आणि संगीत खुर्चीसाठी स्पीकर. दोघं-तिघं मागून कारने येणार होते. गाव मागे पडल्यावर ड्रायव्हरच्या मोबाइलचं नेट गेलं. त्याने सायकलवरच्या एका दूधवाल्याला थांबवून विचारलं, "कार्यक्रम कुठे आहे?" दूधवाला म्हणाला, "सरळ जावा, मांडव दिसंल."

आणि मांडव दिसला. दारात केळीचे खांब, आंब्याच्या पानांचं तोरण, आत लाल खुर्च्या. पांढऱ्या टोपीतले एक म्हातारे बाबा लगबगीने पुढे आले. "या, या! वाटंत तरास नाय ना झाला? दुसरी गाडी मागं हाय ना?"

"येतेय मागून," अध्यक्ष म्हणाले. त्यांना वाटलं, कारबद्दल विचारतायत.

दोन मुलींनी आमच्यावर गुलाबपाणी शिंपडलं. अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा, आपण उगाच हॉटेलांच्या मागे लागतो. आदरातिथ्य हे."

मग शिरा आला. त्यावर कांदेपोहे, भजी, चहा. वाढणारी माणसं ताटातलं संपायच्या आत पुन्हा वाढत होती, आणि नको म्हटलं तर त्यांचे चेहरे पडत होते. माझ्या शेजारी आमच्या भाभी बसल्या होत्या. या सिंधी, उल्हासनगरला त्यांचं साड्यांचं दुकान होतं, आता मुलाकडे कात्रपला असतात. आयुष्य गिऱ्हाइकांत गेल्यामुळे त्यांना कुठलीही गोष्ट फुकट मिळाली की आधी शंका येते. त्यांनी वाढणाऱ्याला विचारलं, "भैया, हे पॅकेजमध्ये आहे ना? नंतर एक्स्ट्रा नाही ना लावणार?"

"आवो कसलं पॅकेज! खावा तुमी."

"वा," भाभी मला म्हणाल्या, "अनलिमिटेड आहे."

हात धुवायला म्हणून त्या घरात गेल्या त्या बराच वेळ आल्याच नाहीत. आल्या तेव्हा फार खूश होत्या. "आतमध्ये ते ग्रामीण संस्कृती चालू आहे. एका मुलीला एकदम रिअल दुल्हन बनवली आहे. पण साडी कशीतरी नेसवलेली. मी सोडून परत नेसवली. बॉर्डरवाली साडी, निऱ्या अशा पडायला पाहिजेत की नाही?"

इतकं होऊनही कुणाच्या डोक्यात काही आलं नाही. मांडवाच्या टोकाला सजवलेला सोफा होता, मागे फुलांची चौकट होती. ते फोटो काढायला केलंय असं आम्ही धरून चाललो आणि जोडीजोडीने जाऊन त्यावर बसून फोटोही काढले. मी आणि हेसुद्धा.

मग पुरुषमंडळींना बोलावून एकेकाला टॉवेल, टोपी, नारळ दिला. पिवळ्या टोपीवर पांढरी टोपी चढली. अध्यक्षांना शाल. शाल अंगावर पडली की आमच्या अध्यक्षांना बोलल्याशिवाय राहवत नाही. समोर माइक होताच.

"आज या मातीत पाऊल ठेवताच मन भरून आलं," त्यांनी सुरुवात केली. "अशा उपक्रमांची आज समाजाला नितांत गरज आहे. तरुणांनी यात पुढे यायला हवं. सुरुवातीला अडचणी येतील, तोटाही होईल, पण चिकाटी सोडू नका." मांडवातली माणसं अतिशय लक्ष देऊन ऐकत होती. दोन-तीन बायकांनी डोळ्यांना पदर लावला. "आम्हाला इथली व्यवस्था इतकी आवडली आहे, की पुढच्या वर्षीही आम्ही इथेच येऊ. एवढंच नाही, तर आमच्या ओळखीच्या इतर ग्रुपनाही पाठवू."

इथे टाळ्या जरा अडखळत पडल्या.

त्याच वेळी मांडवाच्या दुसऱ्या कडेला आमच्या ह्यांच्याजवळ एक बाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. जरीची साडी, हातात हळदीकुंकवाचं तबक, चेहऱ्यावर काळजी. त्यांनी हळूच विचारलं, "दादा, मुलगा कुठं दिसत नाय?"

हे म्हणाले, "मुलगा नाही आला. पुण्याला असतो ना तो."

"नाय आला?"

"सुट्टी मिळत नाही त्याला. दर वेळी असंच. फोनवर सांगतो, बाबा, तुम्ही मजा करा. तो आला असता तर बरं वाटलं असतं."

"आज पन नाय आला? मग आमच्या पोरीनं काय करायचं?"

ह्यांना वाटलं, मुलगे येत नाहीत आणि सगळं मुलींवर पडतं, असं त्या म्हणतायत. म्हणाले, "मुलींचं बरं असतं हो. मुली लक्ष ठेवतात."

बाई खुर्चीत बसल्या. तबक मांडीवर तिरपं झालं. कुणीतरी पाणी आणायला धावलं, कुणीतरी बाईंच्या नवऱ्याला स्वयंपाकाच्या बाजूने बोलावून आणलं. त्या माणसाने सगळं ऐकून घेतलं, फोन काढला आणि घाईत स्पीकर चालू करून ओरडला, "व्याही, पोरगा पुन्याला काय करतोय?"

"पुण्याला?" पलीकडून आवाज आला. "पोरगा माझ्या बाजूला हाय. मुरबाडच्या रस्त्याला गाडी पंक्चर झालीय. चाक बदलतोय तो."

मांडवात अशी शांतता झाली, की अध्यक्षांचं "ग्राहक हाच राजा" हे एकच वाक्य ऐकू आलं. मुलीच्या वडिलांनी त्यांच्याकडे बघितलं आणि विचारलं, "मग तुमी कोन?"

अध्यक्ष माइकवरच म्हणाले, "आम्ही कात्रपचे ज्येष्ठ नागरिक."

माझ्या हातात शिऱ्याची दुसरी वाटी होती. ती कुठे ठेवावी हे मला कळेना. अध्यक्ष शाल काढून तिची घडी घालायला लागले आणि ती घडी काही केल्या जुळेना. ज्यांनी नारळ घेतले होते ते नारळ खुर्चीखाली सारायला लागले. भाभी फक्त एवढंच म्हणाल्या, "तरी मी विचारलं होतं, पॅकेजमध्ये आहे का."

सगळ्यांत आधी हसले ते दारातले म्हातारे बाबा, मुलीचे आजोबा. ते असे हसले की त्यांना खांब धरावा लागला. मग मुलीची आई हसली, रडत रडतच, कारण मुलगा पुण्याला नव्हता. अध्यक्षांनी पुन्हा पुन्हा माफी मागितली. आजोबा म्हणाले, "ती शाल ऱ्हाऊ द्या अंगावर. साखरपुडा हाय घरात, आन तुमी निघून जाशाल? बसा. पाव्हनं यायचं हायेत."

तर आम्ही थांबलो. मुलाकडची बस आली तेव्हा आम्ही पिवळ्या टोप्यांत रांगेने उभे राहून त्यांच्यावर गुलाबपाणी शिंपडलं. भाभींनी मुलाच्या आईला, गिऱ्हाइकाला बसवतात तसं, हात धरून खुर्चीवर बसवलं. जेवलो. मग चारच्या सुमाराला खऱ्या ठिकाणी पोचलो, तर कारने निघालेले दोघं-तिघं सकाळपासून तिथे वाट बघत बसलेले, मालक फोन लावून लावून लाल झालेला आणि चुलीवर आमच्यासाठी पिठलं-भाकरी तयार. अध्यक्ष म्हणाले, "कुणीही जेवलोय असं म्हणायचं नाही." ती भाकरी आम्ही कशी खाल्ली ते आमचं आम्हाला माहीत.

हे सगळं मला लिहायचं होतं.

पहिला खर्डा मी सवयीने लिहिला. 'सदर दिवशी सकाळी मिनीबस नियोजित ठिकाणाऐवजी अन्य ठिकाणी पोहोचली. उपस्थितांनी अल्पोपाहार घेतला. गैरसमज लक्षात येताच दिलगिरी व्यक्त करण्यात आली. कोणतीही जीवितहानी झाली नाही.' पुन्हा असं होऊ नये म्हणून ड्रायव्हरकडे दुसऱ्या कंपनीचं सिमकार्डही असावं, अशी शिफारस शेवटी केली. ह्यांना वाचायला दिलं. ते दोनदा वाचून म्हणाले, "सगळं खरं आहे. पण यात शिरा कुठाय?"

दुसरा खर्डा मी साहित्यिक केला. 'सोनेरी किरणांनी न्हालेली ती पहाट' अशी सुरुवात केली. मग आठवलं, बस साडेनऊला निघाली होती आणि पहाटेला मी झोपले होते. ते खोडलं. मग प्रश्न असा पडला, की मांडव दुसऱ्याचा आहे हे वाचणाऱ्याला आधी सांगायचं की नंतर? आधी सांगितलं तर आम्ही पहिल्या ओळीपासून मूर्ख दिसत होतो. नंतर सांगितलं तर थोडं उशिरा मूर्ख दिसत होतो. मी ठरवलं, जे जसं कळलं तसंच लिहायचं. आम्हाला उशिरा कळलं, तर वाचणाऱ्यालाही उशिरा कळू दे.

तोवर फोन सुरू झाले. मी लिहितेय ही बातमी बदलापूर गावापर्यंत पोचली होती. एकीने सांगितलं, मी सोफ्यावर बसून फोटो काढला ते लिहू नका, सुनेला कळेल. एकाने विचारलं, मी भजी तीनदा घेतली ते लिहिलंय का? मला माहीतच नव्हतं, ते त्यांनीच सांगितलं. भाभींचं उलट होतं. "मेरा ठीक से लिखना," त्या म्हणाल्या. "साडी कौनसी होती, काठ कसा होता, सब लिखो. बाकीचे फक्त खात होते, काम मीच केलं."

अध्यक्ष स्वतः घरी आले. चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "असं करा, 'स्थानिक शेतकरी कुटुंबाच्या विशेष निमंत्रणावरून' एवढं एक वाक्य घाला. म्हणजे पुढचं सगळं आपोआप सुरळीत होतं."

"पण निमंत्रण नव्हतं ना."

"जेवायला थांबा म्हणाले, ते निमंत्रणच. क्रम थोडा बदला. आणि भाषण वगळा."

"भाषण वगळलं तर मधे भोक पडतं, सर."

"पडू द्या," अध्यक्ष म्हणाले.

रात्री जेवताना ह्यांनीही विषय काढला. "माझं ते वाक्य काढून टाक. मुलाचं."

"का? सगळ्यांत जास्त त्यालाच हसतील लोक."

"लोकांचं नाही गं. अंक तो वाचेल ना." ते भात कालवत राहिले. मी ते वाक्य विनोद म्हणून लिहिलं होतं, चांगलं रंगवून. त्याच्या मागेपुढे चार शब्द माझे घातले होते. त्यानंतर ते मला वाचवेना.

खर्डा तसाच पडून राहिला. शेवटी फॅक्टरीतली एक गोष्ट आठवली. अपघात झाला की आम्ही पलीकडच्या प्लँटमधल्या लोकांनाही विचारायचो, तुम्हाला काय दिसलं. इथे मी फक्त आमच्याच माणसांना विचारत बसले होते. मी भाभींना फोन केला, आम्ही रिक्षा केली आणि पेढे घेऊन सोनिवलीला गेलो.

आजोबा अंगणात बसले होते. लगेच ओळखलं. "आलं का पाव्हनं! आज खरं आलात का चुकून?"

मी खर्डा वाचून दाखवला. ते ऐकत होते, मान हलवत होते, पण ज्या जागी मी हसवायला लिहिलं होतं तिथे काही हसले नाहीत. संपल्यावर म्हणाले, "तुमी तुमचंच लिवलंय. आमची काय गत झाली ती कुठं हाय?"

आणि मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. बसमधून सगळी माणसं एका रंगाच्या टोप्या घालून उतरली तेव्हा त्यांना वाटलं, मुलाकडचे फार शिस्तीचे दिसतात; मुलगा आणि त्याचे आईबाप मागच्या गाडीत असतील, असं त्यांनी धरलं. पाठोपाठ कॅरम उतरला. साखरपुड्याला कॅरम कशाला, कुणालाच कळेना. मुलीची आई आतून येऊन आम्हाला म्हणाली, "मी तर घाबरलेच. मला वाटलं, पोरीला खेळायला बसवतात आन बघतात, रागाला येते का शांत ऱ्हाते. म्हटलं हिला तर कॅरम येतच नाय." तेवढ्यात तिच्या जावेने हाउजीचा डबा उघडून आकडे पाहिले होते. तिने आत जाऊन सांगितलं, पत्रिका परत जुळवणार वाटतं, आकडे घेऊन आलेत.

मी टिपून घेता घेता हसत होते आणि अक्षर वाकडं जात होतं.

"आन भाषन!" आजोबा म्हणाले. "तोटा व्हईल म्हनले, चिकाटी सोडू नका म्हनले. आमच्या बायका रडल्या. लगनाबद्दल एवढं खरं कोन बोलतं? पन पुढच्या वर्षी परत येऊ म्हनले तवा मी म्हनलो, आं? पुढच्या वर्षी कुनाचा साखरपुडा?"

मग मुलगी चहा घेऊन आली. ती बदलापूरच्या एका बँकेत आहे, बोलायला चटपटीत. भाभींच्या पाया पडली आणि म्हणाली, "काकू, मला माहीत होतं."

"क्या मालूम था?"

"तुम्ही मुलाकडच्या नाही ते. तुम्ही साडी नेसवताना मला विचारलंत ना, बेटा, दिवसात किती शो असतात?"

भाभींनी कपाळावर हात मारला. मी विचारलं, "मग तू सांगितलं का नाहीस?"

"सांगणारच होते," ती म्हणाली. "पण सकाळपासून सगळे मला सांगत होते, अशी बस, तशी बघ, हळू बोल. या एकट्याच होत्या ज्यांना माझ्याबद्दल काही वाटत नव्हतं. फक्त निऱ्यांबद्दल बोलत होत्या. माझी भीती गेली. म्हटलं साडी तरी पुरी होऊ दे. मग या बाहेर गेल्या, मला मात्र मुलगा येईपर्यंत खोलीत एकटीला बसवून ठेवलं, आणि शेवटी बाहेर आरडाओरडा झाला."

परतताना रिक्षात भाभी माझी टिपणं उलटून बघत होत्या. कात्रप आल्यावर म्हणाल्या, "ये भी लिखना. ये जरूर लिखना."

घरी आल्यावर मी पहिले दोन्ही खर्डे बाजूला ठेवून नव्याने लिहायला बसले. आधी आम्ही काय पाहिलं, मग त्यांनी काय पाहिलं. विशेषणं जमतील तेवढी काढली. ज्यांनी भजी तीनदा घेतली त्यांची नोंद त्यांच्या इच्छेप्रमाणे केली. सोफ्यावरच्या फोटोचं लिहिलं, पण फक्त आमच्या दोघांच्या. ह्यांचं वाक्य मी ते जसे बोलले होते तसंच ठेवलं. माझे चार शब्द काढून टाकले. 'तो आला असता तर बरं वाटलं असतं', एवढंच. ह्यांनी ते पान वाचलं. मग म्हणाले, "राहू दे. असंच म्हटलं होतं मी." अंक निघाल्यावर त्यांनी त्या पानाचा फोटो स्वतःच पुण्याला पाठवला, आणि त्या रविवारी आमच्याकडे मुलाच्या आवडीचं मटण झालं.

राहिला अध्यक्षांचा प्रश्न. मी त्यांना सोनिवलीला कुणी काय म्हटलं ते सांगितलं. भाषणाने बायका रडल्या, हेही सांगितलं.

"रडल्या?" अध्यक्ष सरळ होऊन बसले.

"आजोबा म्हणाले, लग्नाबद्दल इतकं खरं कुणी बोलत नाही."

त्यांनी खिशातलं पेन काढलं. मग म्हणाले, "तसं पाहिलं तर भाषण हा वृत्तांताचा गाभा आहे. त्रोटक देऊ नका. मी संपूर्ण लिहून देतो." आणि खरोखर दिलं. मांडवात ते पाच-सात मिनिटं बोलले असतील, कागदावर दीड पान झालं. त्यात 'ग्राहक हाच राजा' नव्हतं. मी ते परत घातलं.

छपाईला देण्याआधी कट्ट्यावर चहा-वड्यांसोबत वाचन ठेवलं. मी उभी राहून वाचायला लागले आणि पहिल्या पानापासून दुरुस्त्या सुरू झाल्या. दूधवाला सायकलवर नव्हता, मोपेडवर होता. गुलाबपाणी नव्हतं, अत्तर होतं. मी वाचायची, थांबायची, कडेला लिहायची, पुन्हा वाचायची. एका दुरुस्तीवर दोघांत एवढं वाजलं, की वडे गार झाले.

शिऱ्यापाशी आलो तेव्हा मागच्या रांगेतून एक काका उठले. "मॅडम, साधा शिरा नव्हता तो. अननसाचा होता. वरती काजू. मला अजून चव आठवते." आणि त्यांनी तो शिरा, ती वाढणारी माणसं, त्या बाईंच्या मांडीवर तिरपं झालेलं तबक, सगळ्याचं असं काही वर्णन केलं की सगळी मंडळी मागे वळून त्यांच्याकडे बघायला लागली. माझ्या लिखाणापेक्षा ते कितीतरी सरस होतं.

ह्यांनी माझ्या कानाशी येऊन सांगितलं, की ते काका त्या दिवशी सर्दी झाली म्हणून घरीच होते. मला ते ठाऊक होतं. मी कडेला लिहिलं, 'अननस, काजू', आणि ऐकत राहिले.